लोखंडी मल्लांचा आखाडा

यंदाच्या गणपतीत आमच्या घरी आरतीला एक पाहुणा उशिरा आला. उशिरा आला तो आला, आणि वर हाताला काळे ग्रीस, कोपराला पट्टी आणि खांद्यावर पंधरा किलो वजनाचे एक लोखंडी गाठोडे. हा माझा भाचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. शिक्षणासाठी आमच्याकडे पनवेलला असतो. त्याने ते गाठोडे दाराबाहेर चपलांच्या फळीशेजारी ठेवले, तेव्हा खालची फरशी 'टच्' करून तडकली. सौभाग्यवतींनी निरांजनाचे ताट हातात असतानाच माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन येथे करीत नाही.

"काय रे हे?" आईने विचारले. तिला नव्वदीतही ऐकू उत्तम येते.

"कीचक," भाचा म्हणाला. "आमच्या रोबोचं नाव."

"नाव बदल बाबा. कीचकाचं पुढे काय झालं ते ठाऊक आहे ना?"

"अगं आजी, शेवट सगळ्यांचाच तसा होतो. त्यासाठीच तर बनवतात!"

ज्या वाचकांच्या घरी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. कीचक हा यंत्रमल्ल आहे. या खेळाला मुले 'रोबो-वॉर' म्हणतात. जाड पोलादी पत्र्याची एक चपटी पेटी, खाली दोन किंवा चार चाके, पुढे गरगर फिरणारे एखादे हत्यार, पोटात मोटारी आणि बॅटऱ्या. माणूस आखाड्याच्या भिंतीबाहेर उभा राहून हातातल्या रेडिओ-पेटीने त्याला चालवतो. समोर दुसरा तसाच. सामना बहुधा तीन मिनिटांचा. ज्याला जागचे हलता येईनासे होते त्याच्यावर पंच आकडे मोजतात, आणि मोजणी संपली की तो हरला. दोघेही शेवटपर्यंत हलत राहिले तर कोणी किती मोडले, कोण चालून गेला आणि कोणाचा यंत्रावर ताबा होता, हे पाहून गुण दिले जातात.

शुद्धतेचे भोक्ते म्हणतात की हा मुळी रोबोच नव्हे, कारण त्याला स्वतःची अक्कल नाही. मला हा आक्षेप पटत नाही. रोबो हा शब्द कारेल चापेक या झेक नाटककाराच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून जगात पसरला. नाटक १९२० सालचे, आणि शब्द आला तो वेठबिगारीला असलेल्या झेक शब्दावरून. त्या अर्थाने पाहिले तर मालक सांगेल तिकडे मुकाट्याने धावणारा आणि मोडेपर्यंत मार खाणारा आमचा कीचक अस्सल रोबो ठरतो.

माझे बालपण कोल्हापुरात गेले. शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या खासबागेच्या मैदानात मी वडिलांच्या मांडीवर बसून कुस्त्या पाहिल्या आहेत. मैदानाची रचनाच अशी की कोठेही बसा, मधला हौदा दिसलाच पाहिजे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी भाचा "मामा, पवईला चला, खरी कुस्ती दाखवतो" म्हणाला, तेव्हा मी काहीसा हिणवण्याच्या तयारीनेच निघालो.

पवईच्या आय. आय. टी.त 'टेकफेस्ट' हा विद्यार्थ्यांचा उत्सव १९९८ पासून भरत आला आहे. हल्ली तो डिसेंबरात असतो, आणि त्यातली सर्वांत गर्दी खेचणारी बाब म्हणजे हे यंत्रमल्लांचे युद्ध. त्याला परदेशांतूनही संघ येतात. आम्ही पोहोचलो तेव्हा पिंजऱ्याभोवती चार-पाच माणसांची जाड रांग होती. मी उंचीला बेताचाच. खासबागेची आठवण येऊन मी शाहू महाराजांना मनोमन हात जोडले. शेवटी एका शीख तरुणाने मला आपली खुर्ची उभी राहायला दिली.

पिंजरा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा, चौकट लोखंडी नळ्यांची. आत दोन यंत्रे. एक चपटे, पाचरीसारखे, जमिनीला घासून चालणारे. दुसऱ्याच्या तोंडावर उभी फिरणारी पोलादी तबकडी. इशारा झाला आणि ती तबकडी फिरू लागली. प्रथम पंख्यासारखा आवाज, मग मिक्सरसारखा, मग एक अशी शीळ की पोटात काहीतरी हलते. पाचर सरळ चालून गेली. मला वाटले, आता ही खाली शिरून त्याला उचलणार, आपल्या ढाकेसारखे काहीतरी होणार. एवढ्यात 'ठण्ण' असा आवाज झाला, ठिणग्यांचा एक फवारा उडाला, आणि ती पाचर माझ्या डोक्याच्याही वर जाऊन छताच्या जाळीला धडकून उताणी खाली आली. तिची दोन चाके हवेत फिरत होती. माझ्या शेजारच्या शीख तरुणाने मला मिठी मारली. मीही त्याला मारली. तो कोणाच्या बाजूचा होता हे मला अजून ठाऊक नाही.

घरी आल्यावर भाच्याने मला कागदावर हिशेब करून दाखवला. सोळा सेंटिमीटर व्यासाची, तीन सेंटिमीटर जाडीची पोलादी तबकडी वजनाला पाच किलोच्या आसपास भरते. ती मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरली तर तिच्या कडेचा वेग ताशी १८० किलोमीटर होतो, आणि तिच्यात सुमारे ३,००० ज्यूल ऊर्जा साठते. साठ किलोचा माणूस पाच मीटर उंच उचलायला तेवढी पुरे. म्हणजे रस्त्यावरून पहिल्या मजल्याच्या गच्चीत. आणि ती सगळी एका क्षणात, नखाएवढ्या दातातून बाहेर पडते. अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धांत तबकडीच्या टोकाला ताशी २५० मैलांची मर्यादा घालावी लागली आहे, यावरून वाचकांनी काय ते समजावे.

मौज अशी की ही शक्ती मालकाशीही इमान राखत नाही. एवढ्या वेगाने फिरणारी तबकडी भोवऱ्याप्रमाणे आपला आस बदलू देत नाही. यंत्र झटकन वळवायला जावे तर ते एक चाक हवेत उचलून नाचऱ्या गणपतीसारखे एका पायावर उभे राहते, आणि नेमके तेव्हाच प्रतिस्पर्धी खाली शिरतो. चालवणाऱ्याने हत्याराचा वेग केव्हा कमी करायचा हे जाणले पाहिजे. हे पुस्तकात असते, पण हाताला मात्र चार सामने हरल्यावरच येते. कुस्तीतही वस्ताद हेच सांगत.

या खेळाचे कुळ शोधले तर मूळ पुरुष अमेरिकन निघतो. १९८७ साली डेन्व्हर शहरात काही हौशी मंडळींनी लहान यंत्रांच्या झुंजी लावल्या होत्या. पण खेळाला रूप दिले ते मार्क थॉर्प या कलावंताने. तो जॉर्ज ल्यूकस यांच्या कंपनीत चित्रपटांसाठी यांत्रिक करामती करीत असे. १९९२ च्या सुमारास त्याने खेळण्यातल्या रणगाड्याला केर ओढणारे यंत्र जोडून घर झाडण्याची युक्ती काढली. घर काही झाडले गेले नाही, पण त्यातून दोन यंत्रांनी एकमेकांना भिडावे ही कल्पना निघाली. ऑगस्ट १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्ट मेसनमध्ये पहिले 'रोबो-युद्ध' झाले. तीन वर्षे गर्दी लोटली. मग भागीदाराशी कोर्टकज्जे सुरू झाले, आणि त्याचा खेळ त्याच्याच हातून गेला.

इंग्लंडात बी. बी. सी.ने १९९८ पासून तोच खेळ पडद्यावर आणला. २००४ पर्यंत तो चालला, मग बंद पडला. २०१६ साली पुन्हा सुरू झाला, २०१८ साली पुन्हा बंद. अमेरिकेत दोघा चुलत-मावस भावंडांनी १९९९ साली 'बॅटलबॉट्स' काढले. ते २००० ते २००२ एका वाहिनीवर चालले, मग तब्बल तेरा वर्षे अज्ञातवास, २०१५ साली दुसऱ्या वाहिनीवर, २०१८ पासून तिसऱ्या. २०२३ साली दाखवलेल्या मालिकेनंतर दरवर्षीची ती हजेरीही पूर्वीसारखी राहिली नाही. या खेळाची कुंडलीच अशी दिसते. लोकांना आवडतो, गर्दी होते, आणि तरीही दर सहा-सात वर्षांनी कोणीतरी वरून दिवा मालवतो.

आता पनवेलला परत येऊ.

नव्या पनवेलात एका इमारतीच्या तळमजल्यावर पोळी-भाजी केंद्राला लागून दहा बाय बाराचा एक गाळा आहे. तो पाच जणांनी मिळून भाड्याने घेतला आहे. चार मुलगे आणि एक मुलगी. वेल्डिंग मुलीकडे आहे. "तिचा हात थरथरत नाही," असे कारण चौघांनी एका सुरात सांगितले. पोळी-भाजीवाल्या बाई रात्री उरलेल्या पोळ्या या मंडळींना देतात आणि बदल्यात त्यांनी बाईंचा कणीक मळण्याचा यंत्र-खटारा दोनदा दुरुस्त करून दिला आहे. मी तेथे पहिल्यांदा गेलो तेव्हा कोपऱ्यात वाळूची बादली पाहून मला शाळेतल्या आग विझवण्याच्या बादल्या आठवल्या. ती आगीसाठीच होती. या यंत्रांच्या लिथियमच्या बॅटऱ्या दिसायला चॉकलेटच्या वडीसारख्या, पण दबल्या, भोक पडले किंवा जास्त भारल्या गेल्या तर पेट घेतात आणि पाण्याला सहज दाद देत नाहीत. म्हणून त्या पत्र्याच्या पेटीत ठेवून भारायच्या आणि शेजारी एकाने जागे राहायचे, असा नियम. पाळीचा कागद भिंतीवर चिकटवला होता. त्यावर मुलीच्या नावापुढे कोणी लिहिले होते, 'घरी साडेनऊला पोहोचणे आवश्यक.'

यंत्रमल्ल करायला पनवेलइतके सोयीचे गाव नसेल. कळंबोलीचा लोखंड बाजार हाकेच्या अंतरावर. हवा तो पत्रा, हवी ती सळई. पत्रा कापून, तबकडी तासून, तिला पाणी देऊन आणायचे तर तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे. तेथला एक कारागीर या मुलांना संध्याकाळी यंत्र रिकामे झाले की बोलावतो आणि पैसे अर्धेच घेतो. त्याची अट एकच, की सामन्याची चित्रफीत त्याला पाठवायची. मोटारींसाठी पूर्वीची मुले कुर्ल्याच्या जुन्या मोटारींच्या बाजारात जाऊन पावसात काच पुसणाऱ्या वायपरच्या मोटारी उचलून आणीत. वीज-साहित्याला लॅमिंग्टन रोड होताच. त्या काळी आपल्याकडची पुष्कळशी यंत्रे रेडिओवर नव्हे तर तारांवर चालत. एक जण यंत्र चालवी आणि दुसरा लांब काठीवर तारांचा जुडगा उंच धरून त्याच्यामागे धावे, जणू लग्नाच्या वरातीतला बत्तीवाला. आता मोटारी आणि त्यांना वीज मोजून देणारी चकत्यांएवढी यंत्रे बहुतेक चीनमधून येतात, आणि किंमत डॉलरप्रमाणे वरखाली होते.

मला या सगळ्याचे आश्चर्य वाटले नाही. जुन्या सरकारी गॅझेटियरात पनवेलचा मुख्य धंदा म्हणून गाड्यांची चाके करण्याचाच उल्लेख आहे. घाटावरून माल घेऊन उतरलेला गाडीवान परत जाताना पनवेलची चाकांची जोडी घेऊन जाई. पुढे रेल्वे आली, मोटारी आल्या, हमरस्ता आला. चाकांचा धंदा गेला. आणि आता त्याच गावात एका गाळ्यात बसून पाच पोरे चार इंचांच्या चाकाला रबर कसे पक्के बसवावे यावर रात्रीचे दोन वाजवतात.

कीचकावर आतापर्यंत ऐंशी हजार रुपये लागले आहेत. हा आकडा भाच्याच्या वडिलांना ठाऊक नाही. हा लेख त्यांच्या हाती पडेपर्यंत मी तो त्यांना तोंडी सांगितलेला असेल, असे मी भाच्याला वचन दिले आहे.

गणपतीत तो उशिरा आला आणि तोंड पाडून आला, त्याचे कारण रात्री जेवताना कळले. ज्या स्पर्धेसाठी कीचक घडला, ती स्पर्धाच यंदा कार्यक्रमपत्रिकेतून गळली होती. कॉलेजचे नाव सांगत नाही. नाव कोणतेही घातले तरी कथा तीच राहील. पत्रकात नुसते 'काही अपरिहार्य कारणांमुळे' असे होते. मुले भेटायला गेली तेव्हा तेथल्या प्राध्यापकांनी चहा पाजून खरी कारणे सांगितली, आणि ती ऐकून मला त्यांच्यावर रागावता आले नाही.

पहिले कारण आखाडा. मघाशी जो हिशेब सांगितला तो आठवा. एवढ्या जोराने उडालेला पोलादाचा तुकडा अडवायला जाड पॉलिकार्बोनेट लागते. त्याची एकेक चादर महाग, एका उन्हाळ्यात ओरखडते, आणि तीन दिवसांच्या खेळानंतर ती ठेवायची कोठे हा प्रश्न उरतो. मुलांची यंत्रे वर्षागणिक जोरकस होत गेली, पिंजरे मात्र तेच राहिले. आपल्याकडे सामान्यतः ८, १५, ३० आणि ६० किलोंचे वर्ग असतात. साठ किलोंचा गट ठेवायचा तर पिंजऱ्याची जबाबदारी घ्यायला प्राचार्यांनी सही करावी लागते. तुम्ही कराल? मी प्राचार्य असतो तर पेन विसरून आलो असतो.

दुसरे कारण गर्दी. काचेला चिकटून उभी राहणारी तरुण मंडळी मागे सारायची कशी? विम्याचे कोण पाहणार? बॅटरी पेटली आणि मंडप धुराने भरला तर? तिसरे कारण त्यांनी हळू आवाजात सांगितले. तेवढ्याच पैशात ड्रोनची शर्यत, रेघेवरून चालणारी लहान यंत्रे आणि रात्रभर बसून संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याची स्पर्धा, अशा तिन्ही गोष्टी होतात. त्यांत काही मोडत नाही आणि नोकऱ्या देणाऱ्या कंपन्यांनाही त्या समजतात.

मोडण्याचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. क्रिकेटमध्ये हरलेला संघ आपल्या बॅटी घेऊन घरी जातो. येथे हरलेला संघ भंगार घेऊन जातो. तीन मिनिटांत सहा महिने आणि तीस-चाळीस हजार रुपये संपू शकतात. शिवाय दूरच्या गावी खेळायला जायचे तर १६० वॉट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही. रेल्वेने जावे तर साठ किलोचे लोखंडी धूड पाहून प्रत्येक स्टेशनवर पोलीस विचारणार, हे काय आहे? "रोबो आहे" हे उत्तर दर वेळी चालतेच असे नाही, असे मुलांचे म्हणणे.

आणि एक कारण ते, जे ना प्राध्यापकांनी सांगितले ना मुलांनी. ते मला त्या गाळ्यात बसून कळले. हे ज्ञान पुस्तकी नाही. ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोच्या 'रिओबॉट्झ' या विद्यार्थी-संघाच्या प्राध्यापकांनी या विषयावर शेकडो पानांचा एक ग्रंथ लिहून जगाला फुकट वाटला आहे, आणि आमच्या गाळ्यातही त्याची तेलकट झालेली प्रत आहे. पण साखळी किती ताणावी, वेल्ड कोठे तडकतो, सामन्याआधी कोणता स्क्रू पुन्हा आवळावा, हे वरच्या वर्गातला मुलगा खालच्याला दाखवतो. तालमीत वस्तादाने पोराला दाखवावे तसे. २०२० आणि २०२१ साली करोनाने कॉलेजे बंद झाली तेव्हा ही साखळी तुटली. दाखवणारे पास होऊन गेले आणि पाहणारे घरी संगणकासमोर बसून होते. भाच्याच्या संघाला जे येते ते त्यांनी बरेचसे स्वतःची यंत्रे जाळून मिळवले आहे. आता तेही पाचही जण शेवटच्या वर्षाला आहेत. मी विचारले, "खालच्या वर्गातलं कोण आहे?" कोणी बोलले नाही. मुलीने वेल्डिंगचा मुखवटा डोळ्यांवर ओढला.

पनवेल-उरणच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला येथे बैलगाड्यांच्या शर्यती आठवल्याशिवाय राहणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी त्या बंद केल्या. प्राण्यांचे हाल होतात, हा आक्षेप. २०१७ साली आपल्या राज्याने कायदा दुरुस्त केला, पुन्हा स्थगिती आली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. बंदीची सात-साडेसात वर्षे शौकिनांनी बैल पोसले, मोर्चे काढले, वकील लावले. परवानगी मिळाली तेव्हा बैलही तयार होते आणि माणसेही. रोबोंच्या झुंजीत कोणाच्या अंगाला ओरखडा येत नाही. सर्व मार पोलाद खाते. तिच्यावर बंदी नाही, खटला नाही, मोर्चा नाही. तिच्यासाठी भांडायला उभे राहतील असे लोक दर चार वर्षांनी पदवी घेऊन निघून जातात.

याच्या उलट उदाहरणही घरचेच आहे. आशियातील प्रक्षेपण संस्थांच्या संघाने २००२ साली 'रोबोकॉन' सुरू केली. त्यात झुंज नसते. चेंडू टाकणे, रिंगा अडकवणे अशी नेमून दिलेली कामे यंत्रांनी करायची. तिच्या पाठीशी आपल्याकडे दूरदर्शन उभे राहिले. २००८ आणि २०१४ साली तर ती आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यास भरली. तिला घर आहे, तारीख आहे, नियमांचे पुस्तक वेळेवर येते. मारामारीच्या खेळाला असा पालक मिळालेला नाही. कोणी म्हणेल, मिळूही नये. माझ्या सौभाग्यवतींचे मत तेच आहे.

इकडे जगाचे डोळे दुसरीकडेच वळू लागले आहेत. मे २०२५ मध्ये चीनच्या हांगझौ शहरात माणसाच्या आकाराच्या, दोन पायांच्या रोबोंची मुष्टियुद्धे झाली. ऑगस्टमध्ये बीजिंगला त्यांचे क्रीडामहोत्सवच भरले. मी भाच्याच्या फोनवर ती मुष्टियुद्धे पाहिली. एक गडी ठोसा मारताना स्वतःच पडला आणि मग मोठ्या कष्टाने उठला. मला हसू आले. भाचा हसला नाही. "मामा, तो स्वतः उठला," तो म्हणाला. "आमचा उताणा पडला तर पडला." मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण तो विकत आणलेला आहे. कंपनीने बनवलेला. यांनी फक्त चालवला." हा फरक पुढच्या प्रेक्षकांना कळेल काय, याची मला शंका आहे. दुकानातून आणलेला मल्ल अधिक देखणा असतो, आणि तिकीट काढणारा माणूस मल्ल कोणी घडवला हे विचारीत नाही.

तरी खेळ अगदीच मरणपंथाला लागला आहे असे म्हणता येत नाही. तो लहान होतो आहे. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या नॉर्वॉक गावी २०१८ पासून जी स्पर्धा चालते तिच्यात तीन, बारा आणि तीस पौंडांचे गट आहेत, आणि सामने घरबसल्या इंटरनेटवर दिसतात. इंग्लंडात तर १५० ग्रॅमचे, म्हणजे आपल्या मोठ्या पेरूएवढ्या वजनाचे मल्ल गावच्या सभागृहात टेबलावर लढवतात; शेजारी चहा-बिस्किटे. एवढ्या लहान यंत्राला पिंजरा पेटीएवढा पुरतो, तो मोटारीच्या डिकीत बसतो, आणि हरलात तर नुकसान बापाला सांगता येईल एवढेच. पवईचा मोठा आखाडा आणि अशा शंभर लहान पेट्या, असे काही आपल्याकडे झाले तर मला आवडेल. आमच्या गावाने नाटकासाठी वासुदेव बळवंत फडक्यांच्या नावाचे नाट्यगृह बांधले आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्याच्या आवारात चार टेबले मांडायला कोणाची हरकत असावी असे वाटत नाही. अर्थात अर्ज कोणी करायचा, हा प्रश्न आहेच. मुलांची परीक्षा नोव्हेंबरात आहे आणि मला अर्ज लिहिण्याची सवय नोकरीबरोबर सुटली.

भाच्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी मिळाली आहे. जूननंतर रुजू व्हायचे. त्याच्या वडिलांना आनंद झाला, आम्हालाही झाला. नोकरीच्या मुलाखतीत कीचकाविषयी विचारले का, असे मी सहज म्हटले. "विचारलं ना," तो म्हणाला. "म्हणाले, ग्रुपमध्ये काम करता का? मी हो म्हटलं. बस, तेवढंच."

कीचकाला आता पवईचीच काय ती आशा. डिसेंबरपर्यंत पुढची तबकडी बदलायची आहे, कारण जुनीला केसाएवढी चीर दिसली. तळोज्याचा कारागीर दिवाळीनंतर बघू म्हणाला आहे.

परवा संध्याकाळी मी डबा द्यायला गाळ्यावर गेलो तर बाहेर पायरीवर अकरा-बारा वर्षांच्या दोन मुली बसलेल्या. एकीच्या मांडीवर बुटांचे खोके. पोळी-भाजीवाल्या बाईंची ती नात, दुसरी तिची मैत्रीण. खोक्यात खेळण्यातल्या मोटारीची चाके, एक लहानशी मोटर आणि साबणाच्या डबीचे झाकण होते. भाचा खाली बसून ते झाकण बोटाने तपासत होता. "हे पहिल्या फटक्याला फुटेल," तो म्हणाला. नातीने त्याच्याकडे संशयाने पाहिले आणि विचारले, "मग तुमच्यातला एक तुकडा द्या ना."

त्याने आत जाऊन कीचकाच्या जुन्या चिलखताचा उरलेला पत्रा आणला आणि खडूने त्यावर चौकोन आखू लागला. वेल्डिंगवालीने मुखवटा वर करून घड्याळ पाहिले. नऊला दहा मिनिटे होती. आईने मला सांगून ठेवले होते की त्या मुलींना यंत्राचे नाव काय ठेवणार ते विचारून ये. मी विचारले. अजून ठरायचे होते. गाळ्याचे भाडे मार्चपर्यंत भरलेले आहे.